फाटे फुटलेला खडा, काटेरी खडा: वाचकांचे प्रश्न

चार-पाच मिलिमीटरचा गुळगुळीत मूतखडा पाणी पिऊन आणि थोडी वाट पाहून बहुधा आपोआप पडतो. त्याबद्दल या वेळी कुणीच विचारलेलं नाही. आलेली पत्रं शिंगासारख्या, काटेरी, अर्धचंद्रासारख्या किंवा डंबेलसारख्या खड्यांची आहेत. अशा खड्यात आकारावरून दोन गोष्टींचा सुगावा लागतो: तो कशाचा बनला आहे आणि कुठे बसून वाढला आहे. उपचार ठरतात ते या दोन गोष्टींवर.

पत्नीचं वय ४४. वर्षभरात चार वेळा लघवीचा संसर्ग झाला, अँटिबायोटिक घेतलं की बरं वाटतं. पोटात कळ कधीच आली नाही. सोनोग्राफीत डाव्या किडनीत ३८ मिमीचा ‘स्टॅगहॉर्न’ खडा निघाला. काही दुखत नसताना ऑपरेशन कशाला? (कोल्हापूर)

दुखत नाही, हेच या खड्याचं फसवं लक्षण आहे. कळ येते ती खडा सुटून मूत्रवाहिनीत अडकला की. स्टॅगहॉर्न सुटतच नाही. किडनीच्या आत लघवी गोळा होणारी एक पसरट पिशवी असते आणि तिला लहान लहान कप जोडलेले असतात. या सगळ्या पोकळीत खडा ओतीव कामासारखा भरत जातो. साच्यात प्लास्टर ओतलं की ते मूर्तीच्या बोटाबोटांत शिरतं, तसा. एक्स-रेवर तो सांबराच्या शिंगासारखा दिसतो, म्हणून हे नाव.

तुम्ही कळवलेली हकिकत, म्हणजे पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग आणि शिंगाचा आकार, पाहता हा बहुधा जंतुसंसर्गाचा खडा आहे. त्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. प्रोटियस, क्लेबसिएला असे काही जंतू युरिएज नावाचं विकर तयार करतात. ते लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतं, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे थर बसू लागतात. पोषक परिस्थिती मिळाली तर काही आठवडे-महिन्यांत पिशवी भरते. जुने कल्चर रिपोर्ट, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखणाऱ्या तपासणीचे, काढून पाहा. त्यात प्रोटियसचं नाव असेल आणि लघवीचा पीएच (आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ च्या वर असेल, तर संशय जवळजवळ पक्का होतो. लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा ई. कोलाय जंतू सहसा युरिएज तयार करत नाही, त्यामुळे नुसतं ‘इन्फेक्शन आहे’ एवढ्यावर निदान थांबवू नये.

अँटिबायोटिकने बरं वाटतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच होतं, याचं कारण जंतू खड्याच्या आत राहतात. औषध लघवीत पोचतं, खड्याच्या पोटात पोचत नाही. ब्लँडी आणि सिंग या ब्रिटनमधल्या शल्यचिकित्सकांनी १९७६ मध्ये अशा रुग्णांचा हिशेब मांडला होता. खडा तसाच ठेवलेल्यांपैकी २८ टक्के रुग्ण दहा वर्षांत दगावले होते, ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ७ टक्के. आकडे जुने आहेत, आज औषधं पुष्कळ सुधारली आहेत. तरी दिशा बदललेली नाही: किडनी हळूहळू निकामी होते, नाहीतर एक दिवस जंतू रक्तात उतरतात.

सोनोग्राफीतल्या ३८ मिमी या मापावर विसंबू नका. प्रोब एका वेळी एकच काप दाखवतो आणि खड्याच्या मागे सावली पडते. त्यामुळे एकच फाट्यांचा खडा कधी ‘तीन-चार खडे’ म्हणून लिहिला जातो, तर कधी एखादा फाटा मोजायचाच राहतो. पुढची तपासणी म्हणजे डाय न देता केलेला सीटी, रिपोर्टवर ‘प्लेन सीटी केयूबी’ असतं ते. त्यात किती कपांत खडा गेला आहे, किडनीचा मांसल भाग किती जाड उरला आहे, आतडं, प्लीहा आणि फुप्फुसाचं आवरण किती जवळ आहे, हे कळतं. खड्याची घनताही मिळते, हाउन्सफील्ड युनिटमध्ये. युरिक आम्लाचा खडा साधारण ५०० च्या खाली, स्ट्रुव्हाइट ६०० ते ९०० च्या आसपास, कडक कॅल्शियम ऑक्झलेट १,२०० च्याही वर. या मर्यादा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये. रिपोर्टात घनता लिहिलेली नसेल तर रेडिओलॉजिस्टकडून मागून घ्या, पुन्हा सीटी करावा लागत नाही.

सोबत क्रिएटिनिन (किडनीचं काम तपासणारी रक्तचाचणी), हिमोग्लोबिन, साखर, लघवीचं कल्चर आणि डीएमएसए स्कॅन. या स्कॅनमध्ये एकूण कामापैकी कोणती किडनी किती टक्के करते ते दिसतं. खड्याची किडनी साधारण १५ टक्क्यांच्या खाली गेली असेल आणि दुसरी निरोगी असेल, तर खडा काढत बसण्यापेक्षा ती किडनीच काढणं शहाणपणाचं ठरू शकतं. काहींच्या सीटीत किडनी सुजून अस्वलाच्या पंजासारखी दिसते. तो जुनाट पुवाचा एक प्रकार असतो आणि तिथेही बहुधा किडनी काढावी लागते.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा: थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं एकदम सुरू झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. अशा वेळी खडा फोडत नाहीत. आधी स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून अडकलेली लघवी मोकळी करतात, संसर्ग आटोक्यात आणतात, खड्याचं नंतर पाहतात.

माझाही स्टॅगहॉर्नच आहे. ओळखीच्या केमिस्टकडून ‘लघवी साफ करणारं’ सिरप आणून दोन महिने घेतो आहे, शिवाय कुळथाचं कढण. खडा विरघळेल ना? (अहिल्यानगर)

सिरप आज बंद करा, आणि खडा कशाचा आहे ते आधी शोधा.

दुकानात मिळणारी ही बहुतेक सिरपं लघवी अल्कधर्मी करणारी असतात. बाटलीवर डायसोडियम हायड्रोजन सिट्रेट असं लिहिलेलं दिसेल. तुमचा खडा स्ट्रुव्हाइट असेल तर लघवी आधीच अल्कधर्मी आहे आणि ती तशी झाल्यामुळेच खडा वाढतो. म्हणजे दोन महिने तुम्ही खड्यालाच खुराक देत असाल.

पण हेच औषध दुसऱ्या स्टॅगहॉर्नला खरोखर विरघळवतं. युरिक आम्लाचा खडाही फाटे फोडून पिशवी भरतो. साध्या एक्स-रेवर तो दिसत नाही, सीटीत दिसतो, घनता कमी असते आणि लघवीचा पीएच सतत ५.५ च्या खाली असतो. हा पीएच सिट्रेटने ६.५ ते ७ मध्ये धरून ठेवला तर मोठा खडाही काही आठवडे ते काही महिन्यांत विरतो, चाकू न लावता. त्यासाठी पीएचच्या पट्ट्या आणून दिवसातून तीनदा ताज्या लघवीत बुडवून पाहायच्या आणि वहीत आकडा लिहायचा. पीएच ७.२ च्या वर गेला की खड्यावर कॅल्शियम फॉस्फेटचं कवच चढतं आणि मग आतलं युरिक आम्ल विरघळायचं थांबतं. बहुतेकांचं इथेच फसतं: डोस ‘चमचाभर जास्त’ घेतात. पोटॅशियम सिट्रेट दिलं असेल तर क्रिएटिनिन वाढलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी रक्तातलं पोटॅशियम तपासल्याशिवाय घेऊ नये.

कुळथाचं कढण चवीला चांगलं आहे, जरूर प्या. त्याने फाट्यांचा खडा विरघळत नाही. पानफुटीनेही नाही. बिअरने तर नाहीच.

पाठीतून दुर्बिणीने काढायचं ठरलं आहे. एक भोक पुरेल की तीन पाडावी लागतील ते आत गेल्यावर ठरेल, कदाचित दोन वेळा यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. हे नक्की सांगता का येत नाही? आणि शॉकवेव्हने का नाही करत? (नांदेड)

डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं आहे. ‘एकाच भोकात, एकाच दिवसात, शंभर टक्के’ अशी हमी फाट्यांच्या खड्यात कुणी दिली तर तिथे दुसरं मत घ्या.

शॉकवेव्ह, म्हणजे शरीराबाहेरून धक्क्याच्या लहरी देऊन खडा फोडणं, २० मिमीच्या आतल्या, फार कडक नसलेल्या खड्याला योग्य. स्टॅगहॉर्नवर नुसती शॉकवेव्ह दिली तर चुरा एकदम सुटतो आणि मूत्रवाहिनीत दगडांची रांग लागून ती तुंबते. आधीच संसर्ग असलेल्या किडनीत ते धोक्याचं आहे.

पाठीतून दुर्बिणीने खडा काढण्याच्या तुमच्या शस्त्रक्रियेला पीसीएनएल म्हणतात. ही पद्धत स्वीडनमध्ये १९७६ मध्ये प्रथम मांडली गेली. क्रम साधारण असा. भूल दिल्यावर मूत्राशयातून वर किडनीपर्यंत एक बारीक नळी सरकवतात आणि तिच्यातून डाय सोडतात, म्हणजे सगळे कप भरून पडद्यावर उठून दिसतात. मग बहुधा पालथं झोपवून, क्ष-किरणांच्या सी-आर्मवर किंवा सोनोग्राफीवर पाहत, पाठीतून निवडलेल्या कपाच्या टोकात सुई घालतात. टोकातच का? कपाच्या मानेला लागून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. सुई मानेतून गेली की रक्तस्राव ठरलेला. सुईतून तार, तारेवरून वाट रुंद करणाऱ्या नळ्या. नेहमीची वाट २४ ते ३० फ्रेंचची, म्हणजे ८ ते १० मिमी, कारण ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. ‘मिनी’ पद्धतीत १४ ते २० फ्रेंच. पुढे दुर्बीण आत जाते आणि लिथोक्लास्ट (ठोके देऊन खडा फोडणारं उपकरण), अल्ट्रासाउंड किंवा लेझरने खडा फोडून तुकडे बाहेर ओढतात.

आता तुमचा प्रश्न. ही दुर्बीण सरळ, कडक धातूची असते. खड्याचा एखादा फाटा काटकोनात किंवा उलट्या दिशेने वळला असेल, तर तिथे पोचायला दुर्बीण तिरकी रेटावी लागते आणि कपाची मान फाटते. त्यापेक्षा त्या फाट्यासाठी दुसरं भोक सुरक्षित, किंवा वाकणारी दुर्बीण. वरच्या कपातून गेलं तर एकाच वाटेने बराच खडा हाती लागतो, पण ती वाट बाराव्या बरगडीच्या वरून जाते आणि फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. शल्यचिकित्सक सीटी पाहून आडाखा बांधतात, तरी वेळ लांबली, रक्त वाढलं किंवा धुण्याचं पाणी फार शोषलं गेलं तर थांबावंच लागतं. सुई घालताच पू आला तर त्या दिवशी फक्त नळी ठेवून बाहेर पडायचं असतं. असं थांबणं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नव्हे.

तुमच्या बाजूने करायच्या गोष्टी: ऑपरेशनच्या आधी कल्चर आणि त्यात जंतू निघाल्यास त्यानुसार अँटिबायोटिक पूर्ण घेणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अॅस्पिरिनसुद्धा, घेत असाल तर ते आठवणीने सांगणं. त्या केव्हा थांबवायच्या ते तुमचे हृदयाचे आणि किडनीचे डॉक्टर मिळून ठरवतील, आपल्या मनाने नाही. ऑपरेशनमध्ये किडनीतली लघवी आणि खड्याचा तुकडा कल्चरला पाठवणार का, हेही विचारा. मूत्राशयातल्या लघवीत एक जंतू आणि खड्यात दुसराच, असं बऱ्याचदा निघतं, आणि ताप भडकला तर तोच रिपोर्ट कामी येतो.

पहिल्या दिवशी थंडी-ताप, धाप, रक्तदाब उतरणं यावर नर्सिंग स्टाफची नजर असते. घरी गेल्यावरचा धोका वेगळा: आठवडा-दोन आठवड्यांनी अचानक लालभडक लघवी, गाठींसकट. आतली इजा झालेली रक्तवाहिनी फुगून फुटलेली असू शकते. घरी पाणी पीत बसू नका. मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर घालून ती वाहिनी बंद करता येते.

शेवटी, महिन्याभराने सीटी करून उरलेले कण मोजा. साध्या कॅल्शियमच्या खड्यात तीन मिलिमीटरचा कण सोडून देता येतो. स्ट्रुव्हाइटमध्ये नाही. तोच कण जंतूंचं नवं घर होतो. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून तुमचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते आधी विचारून घ्या.

वडील ७१ वर्षांचे. लघवीची धार मध्येच तुटते, कूस बदलली की पुन्हा सुरू होते. एक्स-रेत ओटीपोटात चांदणीसारखा काटेरी खडा दिसला. (सावंतवाडी)

माळरानावर चपलेत रुतणारा गोखरू पाहिला असेल. हा खडा हुबेहूब तसा: मध्ये घट्ट गाभा आणि चहूबाजूंनी काटे. तो जवळजवळ नेहमी मूत्राशयात सापडतो आणि कॅल्शियम ऑक्झलेट डायहायड्रेटचा असतो. (गंमत म्हणजे खड्यावरचं औषध म्हणून जो गोखरू उकळून देतात, तोही हाच.) धार तुटते कारण खडा मूत्राशयाच्या तोंडावर येऊन बसतो, आणि आडवं झालं की बाजूला सरकतो.

काट्यांमुळे तो पडून जाण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझरने फोडतात. खरा प्रश्न तो तिथे का झाला हा आहे, आणि या वयात उत्तर बहुधा प्रोस्टेट असतं. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, तळाशी उरलेल्या लघवीत खडा वाढतो. लघवी करून झाल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत मोजून घ्या. प्रोस्टेटचा अडथळा तसाच ठेवून नुसता खडा काढला तर पुन्हा होतो.

उजव्या किडनीत १२ मिमीचा खडा, शॉकवेव्हच्या दोन बैठका झाल्या, खडा तसूभर हलला नाही. नव्या डॉक्टरांनी उभं करून एक्स-रे काढला तर तो अर्धचंद्रासारखा दिसला. (बडोदा)

नव्या डॉक्टरांनी नेमकी गोष्ट केली. हा खडा नाहीच, ‘मिल्क ऑफ कॅल्शियम’ आहे. कपाच्या बाजूला अरुंद तोंडाची एक बंद पुरचुंडी असते, तिच्यात कॅल्शियमचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. आडवं झोपून काढलेल्या एक्स-रेत ते पसरून गोल खडा वाटतात. उभं राहिलं की तळाशी बसतात, वरची कड सपाट होते आणि वाटीतल्या दह्यासारखा आकार दिसतो. चिखलावर हातोडा मारून तो फुटत नाही, तशी इथे शॉकवेव्ह वाया जाते. दुखत नसेल, ताप नसेल तर काही करू नका. त्रास होत असेल तर पुरचुंडीचं तोंड दुर्बिणीने रुंद करतात.

खड्याच्या ऑपरेशननंतर डीजे स्टेंट घातला होता. नोकरीसाठी मस्कतला आलो आणि काढायचा राहिला. १४ महिने झाले. इथल्या सीटीत दोन्ही टोकांना खडे, मध्ये दांडी, असं डंबेल दिसतं. (मस्कत)

स्टेंटची दोन्ही टोकं वेटोळी असतात, एक किडनीत, एक मूत्राशयात. लघवीतले क्षार त्या वेटोळ्यांवर बसत जातात, म्हणून डंबेल. स्टेंट साधारणपणे काही आठवड्यांत आणि सहसा तीन महिन्यांच्या आत काढायचा किंवा बदलायचा असतो.

ओढून काढायला कुणालाही देऊ नका. वरचं वेटोळं खड्यात गच्च बसलेलं असताना खालून ओढलं तर स्टेंट तुटतो किंवा मूत्रवाहिनी सोलवटून निघते. आधी सीटीत वर, मध्ये आणि खाली किती थर बसला आहे ते पाहतात, डीएमएसए करतात, कल्चर करून संसर्ग आवरतात. मग खालून वर: मूत्राशयातला गोळा फोडायचा, मूत्रवाहिनीत दुर्बीण घालून दांडीवरचा थर लेझरने सोडवायचा, वरचा गोळा मोठा असेल तर पाठीतून पीसीएनएल. स्टेंट तेव्हा कुठे सरकतो. दोन बैठका लागू शकतात. सुट्टीसाठी थांबू नका. ताप आला तर तिथेच दाखल व्हा.

मुलगा ९ वर्षांचा, दोन्ही किडन्यांत फाट्यांचे खडे. कल्चरमध्ये जंतू नाहीत. आमचं लग्न मामाच्या घरातलं. (बेळगाव)

लहान वय, दोन्ही बाजू, जंतू नाहीत, नात्यातलं लग्न: सिस्टिन्युरियाची तपासणी आधी करा. सिस्टिन हे अमिनो आम्ल किडनीत परत शोषलं जात नाही आणि लघवीत साठतं. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार होतो. सकाळच्या पहिल्या ताज्या लघवीत षटकोनी स्फटिक दिसले की निदान जवळजवळ झालंच. २४ तासांच्या लघवीत सिस्टिन मोजून पक्कं करतात. खडा एक्स-रेवर पुसट, काचेच्या भुकटीसारखा दिसतो. हातात घेतला तर मेणचट पिवळा, आणि लेझरने फोडताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण सिस्टिनमध्ये गंधक असतं. शॉकवेव्हला तो दाद देत नाही.

ऑपरेशनने आजचे खडे जातील, आजार राहील. पाणी दिवसाबरोबर रात्रीही हवं: झोपण्याआधी, आणि मध्यरात्री लघवीला उठवून एकदा. प्रमाण बालरोग किडनीतज्ज्ञ वजन-उंचीवर ठरवतील. पीएच ७.५ च्या आसपास ठेवायला सिट्रेट, मीठ कमी, म्हणजे पापड-लोणचं-वेफर्स बंद. एवढ्याने भागलं नाही तर टायोप्रोनिन किंवा पेनिसिलामाइन, रक्त आणि लघवीतली प्रथिनं तपासत. वाढत्या मुलाचं दूध-डाळ मात्र तोडू नका. भावंडांचीही लघवी तपासा, प्रत्येकाला २५ टक्के शक्यता असते.

पडलेला खडा तपासायला कसा द्यायचा? (अनेक वाचक)

चहाची जुनी गाळणी त्यासाठीच वेगळी ठेवा आणि दर वेळी तिच्यातून लघवी करा. सापडलेला कण साध्या पाण्याने धुऊन, कागदावर सुकवून, कोरड्या झाकणाच्या डबीत ठेवा. सेलोटेपवर चिकटवू नका, डिंक तपासणीत येतो. फॉर्मेलिनमध्येही घालू नका. प्रयोगशाळेत ‘इन्फ्रारेड पद्धतीने विश्लेषण’ मागा. जुन्या रासायनिक चाचणीत मिश्र खड्याची गफलत होते. ऑपरेशनचे तुकडे असतील तर गाभ्याचा आणि बाहेरचा असे दोन्ही द्या, कारण गाभा ऑक्झलेटचा आणि वरचे थर स्ट्रुव्हाइटचे असू शकतात. कल्चरसाठीचा तुकडा मात्र वेगळा, निर्जंतुक बाटलीत, ऑपरेशन थिएटरमधूनच गेला पाहिजे.